आमची वाटचाल : दुडकी नाही, चालच

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. आमची सुरुवात तिथलीच. वडिलांचे दोन घोडे, आणि नाक्यावरचं गिऱ्हाईक बाजारपेठेत पोचवायचं, एवढंच काम. पॉइंट दाखवणारे पुष्कळ होते. जन्मात घोड्यावर न बसलेल्याला शार्लट लेक, इको पॉइंट करून धडधाकट परत आणायचं, हे मात्र मी मनावर घेतलं. धावत नाही, चालच. लगाम गिऱ्हाईकाच्या हातात, पण दोरी आमच्या माणसाकडे.

पहिला भागीदार म्हणाल तर नालबंद चाचा. त्यांनी धंद्यात रुपया घातला नाही, कान घातले. जांभ्याच्या वाटेवर नाल लवकर झिजतो. चाचा खूर मांडीवर घेऊन कानस मारायचे आणि खिळा ठोकताना मान तिरकी करून ऐकायचे. खिळा कठीण खुरात असला तर एक आवाज, आतल्या मऊ भागाकडे वळला तर दुसरा. दुसरा आला की खिळा बाहेर. "पायाला बोलता येत नाही, म्हणून हातोडी बोलते," म्हणायचे.

तंगाचंही, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याचंही, तसंच. खोगीर चढवताना घोडा पोट फुगवतो, म्हणून चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळायचा. रिकीब, म्हणजे पाय ठेवायचं लोखंडी कडं, काखेला लावून हात लांब करा, बोटं खोगिराच्या वरच्या कडीला टेकली की माप झालं. आणि चपला घालून येऊ नका हो! पाय रिकिबीत आरपार जातो, पडलात तर घोडा फरफटत नेईल. हाफ पॅन्टही नको, संध्याकाळी पोटऱ्या सोलवटलेल्या असतात. उतारावर मागे रेला, टाच खाली. हे दरवाज्यावर लिहून लावलंय, वाचत कुणी नाही.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2019 च्या पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद पडली, आणि मार्च 2020 मध्ये सगळंच. हॉटेलला कुलूप लावता येतं, तबेल्याला नाही. सहा जनावरांची चंदी-वैरण रोजची. हरभरा आधी निम्मा केला, मग बंद केला. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, तबेल्याचे पत्रे उडाले. रात्रभर आम्ही बापलेक घोड्यांच्या तोंडाशी उभे, वरून पाऊस. सकाळी बघतो तर बिजलीच्या बरगड्या मोजता येत होत्या.

बिजली म्हणजे आमची पंचकल्याणी घोडी, चारी पाय आणि तोंड पांढरं. नवशिक्याला तिच्यावर बसवून मी निर्धास्त विडी ओढायचो. चार वर्षांचं पोर बसलं तर पाऊल टेकवतानासुद्धा विचार करायची.

आमच्याच रांगेतला एक जण त्या दिवसांत रोख घेऊन फिरत होता. नाव घेत नाही, इथं सगळ्यांना ठाऊक आहे. हाच गिऱ्हाईकांना सांगायचा, "त्यांचे घोडे म्हातारे, चालतच नाहीत." अहो, चालतात म्हणूनच तर लोक येतात! त्यानं बिजली निम्म्या किमतीत मागितली. बाकीच्या पाच पोटांसाठी मी दिली. लॉकडाऊन उठल्यावर त्याच्याकडे सोळा घोडे झाले. खोगीरभरती नुसती. पहिल्यांदा बसणाऱ्याला घेऊन दुडकी मारतात, पोरी किंचाळतात, त्याचेच व्हिडिओ निघतात.

डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा आल्या. त्यावर गावात बोलून झालंय. सामानाचं गिऱ्हाईक गेलं, सैरीचं टिकलं. आजही पाच घोडे आहेत, कर्ज फिटलंय.

बिजली रोज आमच्या वळणावर थांबते. इथं तिला गूळ मिळायचा. पाठीवर कुणी असो, थांबतेच. सोबतचं पोर लगाम ओढतं, टाच मारायला सांगतं. परवा एक बाई वरून विचारत होत्या, "ही का चालत नाही?" मी गुळाचा खडा पुढे केला. पोरगं दुसरीकडे बघत राहिलं.

निघाली तेव्हा मागचा उजवा नाल दगडावर सैल वाजला. पोराला ओरडून सांगितलं, नालबंदाकडे ने आजच. ऐकलं की नाही, कळलं नाही.