आमची वाटचाल : टेप लावलेली ५० एमएम

फोटो स्टुडिओ काढला तेव्हा आम्ही दोघं होतो, मी आणि माझा पार्टनर. नाव लिहीत नाही, तो वाचणारच आहे हे. दोन कॅमेरा बॉडी, त्यांच्यासोबत मिळालेल्या साध्या किट लेन्स, एक ५० एमएम एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते, जास्त लाइट घेते) आणि एक फ्लॅश, एवढाच संसार. नंतर तो वेगळा झाला आणि जाताना कस्टमरची वही घेऊन गेला. तेही गिळलं असतं हो, पण मी कोटेशन द्यायला जायचो तिथे हा आधीच सांगून आलेला असायचा, "त्याच्याकडे साध्या लेन्स आहेत." एका मुलीच्या वडिलांनी तर अल्बम न उघडताच विचारलं, ७०-२०० आहे का तुमच्याकडे? म्हणजे लांबून टिपणारी मोठी झूम लेन्स.

माझं डोकं फिरलं. कर्ज काढून २४-७० (जवळच्या शूटची झूम) आणि ७०-२०० घेतल्या, दोन्ही एफ/२.८. दीड किलोचं धूड दिवसभर सांभाळायचं, रात्री हात वर जायचा नाही. कामं काही आली नाहीत, कारण त्याने रेट पाडलेले. हप्ते थकले, फोन सुरू झाले, आणि एक दिवस बायकोने काही न बोलता थकलेल्या भाड्याचा कागद समोर ठेवला. दोन्ही लेन्स पडत्या भावात गेल्या. ५० एमएमपण काढली होती विकायला, पण तिची पुढची रिंग पडून चेपलेली, फोकस रिंगला काळी टेप, कोणी घेईना. म्हणून राहिली.

त्या काळात एकच कस्टमर टिकल्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. त्यांच्या आईचा फोटो हवा होता, आजी अंथरुणाला खिळलेल्या, खोलीला खिडकी एकच. ट्यूब बंद केली, पलंग खिडकीकडे वळवला, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला बाईंनाच पांढरी चादर धरून उभं केलं आणि एफ/२.८ ला काढला. १.८ ला शार्प भाग इतका पातळ की एक डोळा शार्प आणि दुसरा गेलेला, ते आपल्याला माहितीच आहे. बाईंनी लेन्स कुठली ते आजतागायत विचारलेलं नाही. शाळेचं सगळं काम मात्र आमच्याकडेच.

मधली वर्षं बरी गेली.

नवीन पोरांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. एफ/५.६ वरून २.८ म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट लाइट), चौपट लाइट, १/३० सेकंदाचा शटर १/१२५ वर जातो, फोटो कमी हलतो. अंधारं स्टेज, फ्लॅशला बंदी, लांबून शूट, तिथे महागडी लेन्स लागतेच, उगाच नाही म्हणू नका. पण ती भाड्याने आणा. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम ५० एमएमवर केलं हे सगळे सांगतात, त्याला लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून वरमाला टिपायची नव्हती. आधी फ्लॅश छतावर मारायला शिका, उजेड मऊ पडतो. आणि लेन्स महिनोन्‌महिने बंद बॅगेत ठेवू नका, फंगस धरते, एकदा कोटिंग खाल्लं की पुसून जात नाही.

मध्यंतरी तो एका कार्यक्रमात दिसला, अंगावर दोन मोठ्या लेन्स. बोललो नाही. वही अजून परत दिलेली नाही त्याने.