३० जुलैची दुपारपाळी

३० जुलै २०२५, बुधवार. माझी दुपारपाळी होती. सात नंबरच्या खोलीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. हृदय थकलेलं, पायांवर सूज, तीन-चार शब्द बोलल्या की दम लागायचा. डोकं मात्र लख्ख. त्यांच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच त्यांचं इच्छापत्र लावलेलं होतं. इथे त्याला ‘पाट्सिएंटेनफरफ्युगुंग’ म्हणतात. आपल्याला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत, हे शुद्धीत असताना सही करून लिहून ठेवायचं. २००९पासून जर्मनीत डॉक्टरांना ते कायद्याने पाळावंच लागतं. आजींनी लिहिलं होतं, व्हेंटिलेटर नको, छाती दाबून हृदय चालू करणं नको. मुलगा आदल्या रात्री लांबून आला होता आणि त्याचा एकच हट्ट होता, आईने हे बदलावं.

(ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

मी मूळची मिरजेची. म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी एका छोट्या रुग्णालयात नर्स म्हणून मला तेव्हा आठ वर्षं होत आली होती. त्या बुधवारी वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक खोलीत टीव्ही चालू होता आणि सगळे एकाच बातमीची वाट बघत होते. लाउरा डालमायर, जर्मनीची ऑलिंपिक विजेती. सोमवारी दुपारी पाकिस्तानातल्या काराकोरम पर्वतरांगेत लैला शिखरावर, सुमारे ५,७०० मीटर उंचीवर तिच्यावर दगड कोसळले होते. सोबतच्या मैत्रिणीने लगेच मदतीसाठी निरोप धाडला होता, पण जागा इतकी दुर्गम की हेलिकॉप्टर पोचायला मंगळवार सकाळ उजाडली. वरून पाहणाऱ्यांना लाउराची काहीच हालचाल दिसली नव्हती.

लाउरा कोण हे मला इथल्या पेशंटांनीच शिकवलं. २०१७च्या शरद ऋतूत मी आले तेव्हा बायथलॉन, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेला तिचा खेळ, हा शब्दही मला ठाऊक नव्हता. फेब्रुवारी २०१८, प्योंगचांगचं हिवाळी ऑलिंपिक. तिथली रात्र म्हणजे आमची दुपार. मी जेवणाचे ट्रे घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते आणि कोणी चमच्याला हात लावायला तयार नव्हतं. सूप निवलं, त्यावर साय धरली, तरी डोळे टीव्हीवरच. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका निवृत्त पोस्टमननी मला हाताने थांबवलं आणि म्हणाले, “श्वेस्टर, दोन मिनिटं बघा. आधी लिगेंड, मग श्टेहेंड.” (श्वेस्टर म्हणजे सिस्टर.)

हे दोन शब्द मला येत होते! लिगेंड म्हणजे आडवं, श्टेहेंड म्हणजे उभं. पेशंटला स्ट्रेचरवर न्यायचं असलं की फॉर्मवर आम्ही ‘लिगेंड’ लिहितो. बायथलॉनमध्ये हीच नेमबाजीची दोन आसनं. पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फावरून स्कीइंग करत यायचं, ५० मीटरवरच्या पाच काळ्या चकत्यांवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पुन्हा पळायचं. आडवं पडून मारायचं तेव्हा ४५ मिलिमीटरच्या वर्तुळात लागलं तरच नेम धरला जातो, म्हणजे साधारण लिंबाएवढी जागा. उभ्याने ११५ मिलिमीटर. त्या दिवशीच्या स्प्रिंट शर्यतीत चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे १५० मीटरची एक जादा फेरी होती.

नर्सच्या डोळ्यांना त्यात जे दिसतं ते वेगळंच असतं. खेळाडू नेमबाजीच्या जागी येतो तेव्हा त्याची नाडी दीडशेच्या पुढे असते. तशी नाडी मॉनिटरवर दिसली तर मी डॉक्टरांना हाक मारीन. आणि ही चोवीस वर्षांची मुलगी गुडघे टेकते, आडवी होते, दोन श्वास घेते, तिसरा अर्ध्यावर धरते आणि त्या इवल्याशा थांब्यात बोट आवळते. पाच काळ्या चकत्या, एकेक करून पांढऱ्या. त्या दिवशी तिने दहापैकी दहा मारल्या. पोस्टमन रडले, शेजारच्या कॉटवरचे रडले, आणि का ते नीटसं न कळता मीसुद्धा. दोन दिवसांनी परस्यूट या दुसऱ्या शर्यतीचं सुवर्णही तिचंच. एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि परस्यूट दोन्ही जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढे इंडिव्हिज्युअल या शर्यतीत कांस्य. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ला, ऑस्ट्रियातल्या होखफिल्त्सेनच्या जागतिक स्पर्धेत तिने सहा शर्यतींत पाच सुवर्णं आणि एक रौप्य घेतलं होतं, शिवाय त्या मोसमाचा वर्ल्ड कपही. जागतिक स्पर्धांतली एकूण पदकं १५, त्यातली सात सोन्याची.

आणि मे २०१९मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती थांबली. या खेळाला लागते तेवढी ओढ आता पूर्ण उरली नाही, असं तिने स्वतःच सांगितलं. लोकांना फार लागलं ते. पण आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या गार्मिश-पार्टेनकिर्खेनची मुलगी, तिचा जीव आधीपासून कड्यांवर होता. पुढे ती रीतसर परीक्षा देऊन माउंटन गाइड झाली आणि झेडडीएफ वाहिनीवर बायथलॉन समजावून सांगायला लागली. बेर्गवाख्टमध्येही ती होती. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारे हे स्वयंसेवक. आपल्याकडे लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र करतात तसंच काम.

आमच्या वॉर्डातला माझा एक सहकारीही बेर्गवाख्टमध्ये आहे. बुधवारी दुपारी औषधांच्या खोलीत मी संध्याकाळच्या गोळ्या लावत होते, तो मोबाइल हातात घेऊन दारात आला. “थांबवलं,” म्हणाला. शोध थांबवला होता, ती गेल्याचं जाहीर झालं होतं. एकतीस वर्षांची. मग त्याने पुढचं वाचून दाखवलं. तिने आधीच लिहून ठेवलं होतं की असं काही झालं तर मला खाली आणण्यासाठी कोणीही आपला जीव धोक्यात घालू नये. देह डोंगरावरच राहू द्यावा.

माझ्या हातातली गोळी डबीऐवजी फरशीवर पडली.

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे वडील मिरजेत कोविडने गेले. मी इथे होते. विमानं बंद होती म्हणून नव्हे, वॉर्ड भरलेला होता आणि मला निघता आलं नाही. भावालासुद्धा चेहरा दिसला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, एवढंच. अंत्यदर्शन झालं नाही, हा काटा माझ्या आईच्या मनातून अजून निघालेला नाही. इथे पेशंट गेला की मी त्याचं तोंड पुसते, केस विंचरते, खिडकी उघडते आणि मगच नातेवाइकांना आत बोलावते. शेवटचं बघता आलं पाहिजे, यावर माझी फार श्रद्धा आहे. म्हणून मी त्या सहकाऱ्याला म्हणाले, “तिच्या आईवडिलांनी काय करायचं? असं कसं तिला तिथे ठेवायचं?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दगड पडत असताना दोरावरून खाली उतरायला काय वाटतं, ते तिला माहीत होतं. ती वरून लोकांना आणणाऱ्यांतली होती. कुणाला जायला सांगायचं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?” आणि ट्रॉली घेऊन निघून गेला. त्याचे डोळे लाल होते.

मला ते त्या क्षणी पटलं असं मी म्हणणार नाही. पण वडिलांचं काही कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. जे झालं ते नियमांनी झालं. इथे मात्र त्या मुलीने स्वतः ठरवलं होतं. हा फरक मी दिवसभर मनात घोळवत राहिले.

साडेपाचला सात नंबरमध्ये गेले तेव्हा आजींच्या टीव्हीवरही तीच बातमी होती. मुलगा खुर्चीत पुढे वाकून बसलेला. आजींच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. मी ब्लडप्रेशरचा पट्टा बांधत होते तेवढ्यात आजी टीव्हीकडे बघत म्हणाल्या, “बघ. तिनेही लिहून ठेवलं होतं.”

मुलगा तडकून म्हणाला, “ती गोष्ट वेगळी आहे, आई.”

“हो. वेगळी आहे,” आजी म्हणाल्या. थांबल्या, श्वास घेतला. “ती एकतीसची. मी त्र्याऐंशीची.” पुन्हा श्वास. “तिचं ऐकलं त्यांनी.”

पट्ट्यातली हवा सुटत होती तेवढाच आवाज खोलीत. मुलाने तोंड हातात घेतलं. अशा वेळी नर्सने काय बोलायचं असतं, ते प्रशिक्षणात शिकवतात. मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. माझ्या वडिलांबद्दल त्याला सांगितलं. सल्ला म्हणून नाही. सांगावंसं वाटलं. आमच्याकडे विचारायचं राहून गेलं, तुमच्या आईने तुमच्यावर ती वेळ येऊ दिलेली नाही, इतकंच म्हणाले. तो रागावला नाही. बऱ्याच वेळाने त्याने आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, “दुखणार नाही ना तुला?” मी डॉक्टरांना बोलावलं. मॉर्फिन कधी देतात, धाप लागली तर काय करतात, हे त्यांनी त्याला बसून समजावलं. पाऊण तास. आईचा हात त्याने सोडला नाही.

रात्री नऊला पाळी हातावेगळी करताना मी नोंद लिहिली: मुलाशी चर्चा झाली, पेशंटची इच्छा कायम. मग दिवा मंद करायला सात नंबरमध्ये गेले. मुलगा खुर्चीतच झोपला होता. मला वाटलं आजीही झोपल्यात, पण त्यांनी डोळे उघडले आणि हळूच विचारलं, “श्वेस्टर, आणि ती दुसरी मुलगी? तिची मैत्रीण? खाली आली ना?”

“आली,” मी म्हणाले. “सुखरूप आली.”

“बरं झालं,” म्हणाल्या आणि डोळे मिटले.