बाईंनी तो धडा सोडला नाही
(शाळेच्या महोत्सवासाठी मनोगत, दहावी 1992 ची बॅच)

आमच्या वेळी प्रजननाचा धडा बऱ्याच शाळांमधे "घरी वाचून या" म्हणून सोडून द्यायचे. आपल्या विज्ञानाच्या बाईंनी तो पूर्ण आठवडा शिकवला, मुलं-मुली एकाच वर्गात बसवून, फळ्यावर रंगीत खडूने आकृत्या काढून, कोणी फिदीफिदी हसलं तर न रागावता थांबायच्या आणि हसणं संपलं की पुढे सुरू. मी आज गुरांचा डॉक्टर आहे त्याची सुरवात त्या आठवड्यात झाली.

वर्गातल्या एकाने विचारलं, बाई आमच्या गायीला जुळं झालं होतं, एक खोंड एक कालवड, कालवड चांगली दांडगी झालीये पण माजावरच येत नाही, आजोबा म्हणतात खोंडाबरोबरची कालवड वांझच निघते. दुसरं कोणी असतं तर अंधश्रद्धा म्हणून उडवून लावलं असतं. बाई म्हणाल्या आजोबा बरोबर बोलतायत, कारण उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण तास त्यावर घेतला.

गर्भ सुरवातीला दोन्हीकडे जाऊ शकतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. माणसात साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत गुणसूत्रं एक्सएक्स (मुलीची) असोत की एक्सवाय (मुलाची), जननग्रंथी सारखीच दिसते आणि नळ्यांच्या दोन्ही जोड्या तयार असतात, वुल्फियन आणि म्यूलेरियन. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (ते सापडलं 1990 मधे, म्हणजे आमच्या दहावीच्या जरा आधी) चालू झालं की ग्रंथीचं वृषण होतं, मग वृषण टेस्टोस्टेरॉन सोडतं ज्याने वुल्फियन म्हणजे नराच्या नळ्या टिकतात, आणि एएमएच नावाचं संप्रेरक सोडतं ज्याने म्यूलेरियन नळ्या विरून जातात, ज्यांची एरवी गर्भपिशवी झाली असती. गायीच्या जुळ्यात दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, खोंडाचं रक्त कालवडीत फिरतं आणि त्यातलं एएमएच तिची पिशवी नीट होऊच देत नाही, अंडाशयही खुरटतात. रक्तातून काहीतरी येतं हे शिकागोचे शास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी 1916 मधेच मांडलं होतं, तेव्हा एएमएच हे नावसुद्धा नव्हतं. अशा 100 कालवडींमधे 90 पेक्षा जास्त वांझ निघतात, खोंडाचं मात्र सहसा निभावतं.

आता गोठ्यात हेच रोज कामाला येतं. बाहेरून बघून ही कालवड ओळखू येत नाही, कधी योनीच्या खालच्या टोकाला केसांचा लांब झुपका असतो तेवढंच. महिन्याच्या आतलं वासरू असेल तर बोथट गुळगुळीत नळी वंगण लावून अलगद सरकवायची, साध्या कालवडीत ती साधारण 12-15 सेंटीमीटर आत जाते, हिच्यात 5-7 वरच अडते. पाच मिनिटांचं काम आहे हो, पण ते न केल्यामुळे लोक दोन-दोन वर्षं पेंड चारतात, परत परत रेतन करवतात, आणि शेवटी बोलणी कोणाला, तर गोठा बघणाऱ्या घरातल्या बाईला, तुझी नजर नाही माजावर म्हणून. ते बघवत नाही.

माणसाच्या बाळाबद्दलही बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं आणि त्यासाठी मी त्यांना फार मानतो. काही बाळांमधे जन्मल्यावर मुलगा की मुलगी लगेच सांगता येत नाही. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे सीएएच, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक एन्झाइम कमी पडतं, कॉर्टिसोल हे संप्रेरक नीट बनत नाही आणि पुरुषी संप्रेरकं वाढतात. साधारण 15,000 बाळांमधे एक. लोक लाजेने झाकून ठेवतात आणि यातल्या बऱ्याच बाळांच्या अंगातलं मीठ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इतकं कमी होतं की जीव जाऊ शकतो, खरं तर वेळेत औषध सुरू झालं तर मूल छान वाढतं. हे गावात उघडपणे बोलायला हवं, अजूनही बोलत नाहीत.

बाई आता थकल्यात पण डोकं तसंच तल्लख. परवा फोनवर विचारलं, तू आम्ही शिकवलं त्याच्या पुढचं काय शिकलास ते सांग. बाईंनी आम्हाला जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाचे 1947 चे सशांवरचे प्रयोग सांगितले होते, गर्भातच वृषण काढलं तर पिल्लू मादीसारखं वाढतं, त्यावरून आम्हाला वाटायचं मादी होणं आपोआप होतं. तसं नाहीये. मी त्यांना सॅनेन जातीच्या शेळ्यांचं सांगितलं, तिथे बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी लावायची नाही, कारण बिनशिंगीपणा दोन्हीकडून आला की एक्सएक्स करडात अंडाशयाऐवजी वृषणासारखी ग्रंथी होते, वाय नसताना, एसआरवाय नसताना. शिंगं घालवणारा डीएनएचा जो तुकडा गळालेला असतो त्यामुळे शेजारचं, अंडाशयाला लागणारं फॉक्सएल2 जनुक बंद पडतं. पुढे 2009 मधे तर पूर्ण वाढलेल्या उंदरीत हे जनुक बंद केल्यावर अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या व्हायला लागल्या. म्हणजे अंडाशयालाही अंडाशय म्हणून राहायला आयुष्यभर काम करावं लागतं.

बाई म्हणाल्या, हे दहावीच्या मुलांना कोणी सांगतं का रे? म्हणून म्हणतो, शाळेच्या महोत्सवाच्या कार्यक्रमात मला एक तास द्या, मी येतो, वासरू तपासायची नळीपण घेऊन येतो.