खाडा पडतो

"बाई, मीटिंग सांजच्याला ठेवा की. अकराला आलं की खाडा पडतो."

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आज एक आई उभ्या उभ्याच बोलली. सही करताना तिच्या नखांत कांद्याच्या वावरातली माती दिसत होती.

मुख्याध्यापिका बाईंनी लगेच वहीत लिहिलं, पुढची बैठक संध्याकाळी साडेसहा. त्यांची नेहमीची एसटी चुकणार, तरीही. मला दोघींबद्दल फार आदर वाटला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. पण बैठक ऐन मजुरीच्या वेळेत ठेवली तर त्या येणार कशा? अशा बायकांना 'मुलांचं काही पडलेलं नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमच्याकडे पालकांची बैठक किती वाजता असते? आणि वेळ कोणाला विचारून ठरते?