हलकेपणाचे सुतारकाम

लाकडी वस्तू घेताना ती एका टोकाने उचलून पाहायची आणि जड लागली की समाधानाने मान डोलवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या किटमधून रेडिओवर चालणारे छोटे विमान बांधायला बसणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी सोडावी लागते. खोके उघडले की पातळ फळ्या, त्यांत लेसरने कापून ठेवलेल्या पंखाच्या बरगड्या, लांब चौकोनी काड्या, थोडेसे प्लायवूड आणि खऱ्या मापाचा प्लॅन एवढेच हाती येते. मोटर, सर्व्हो (विमानाचे हलते भाग वळवणारी छोटी यंत्रे), रेडिओचे संदेश घेणारा रिसीव्हर आणि बॅटरी बहुधा वेगळी घ्यावी लागते. सगळे लाकूड एका तळहातावर तोलले, तर यातून विमान होईल यावर विश्वास बसत नाही.

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो, पण कुळाने तो आपल्या काटेसावरीचा नातलग आहे आणि त्याच्याही बिया कापसात गुंडाळलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘मॉस्किटो’ विमान बांधताना प्लायवूडच्या दोन थरांमध्ये याच लाकडाचा गाभा घातला होता आणि त्या विमानाचे भाग फर्निचरच्या कारखान्यांतही तयार झाले होते, त्यामुळे त्याला खेळण्यातले लाकूड म्हणणे मला पटत नाही. सागवानाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके त्याचे वजन भरते. मात्र एकाच मापाच्या दोन फळ्यांत दुपटीचाही फरक पडू शकतो. दीड मिलिमीटर जाडीची, तीन इंच रुंद आणि तीन फूट लांब फळी कधी दहा-बारा ग्रॅमची निघते, तर कधी पंचविसाची. म्हणूनच स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही आठवडे या टेबलावर मुक्कामाला येतो, आणि तो परत कधी मिळणार याची चौकशी आतून होत राहते.

पंख बांधणे हा या कामाचा गाभा. सपाट फळीवर प्लॅन पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घालायचे, खालचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य काडी, टाचण्यांनी जखडायचा, त्यावर एकेक बरगडी काटकोनात उभी करायची आणि वरून दुसरा स्पार बसवायचा. एवढे झाले की पंख आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखा सुरेख दिसतो आणि तितकाच लवचीकही असतो. खरी करामत पुढे आहे. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत, वरच्या आणि खालच्या स्पारला जोडणारे पातळ बाल्साचे तुकडे, त्यांचे रेषे उभे ठेवून, चिकटवायचे असतात. उडताना पंख वर वाकू पाहतो, तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो; हे तुकडे त्या दोघांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. काही ग्रॅमची ही भर पडताच मघाचा लेचापेचा पंख ताठ होतो. लाकूड वाढवून आलेली ही ताकद नाही. ते योग्य जागी आणि योग्य दिशेने ठेवल्याने ती येते, आणि मला या छंदात सर्वांत जास्त आनंद देते ती हीच गोष्ट.

डिंकाचाही हिशेब ठेवावा लागतो. पातळ सायनो गोंद (झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट) सांध्यात क्षणात झिरपतो, पण वाळल्यावर दगडासारखा होतो आणि पॉलिश पेपरला दाद देत नाही. पांढरा डिंक तितका कडक होत नसला, तरी पावसाळी हवेत वाळायला सावकाश वेळ घेतो. थेंब कोणत्या भागात पडतो हेही महत्त्वाचे आहे. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतराच्या आसपास यावा लागतो, आणि शेपटी त्यापासून नाकापेक्षा कितीतरी दूर असते. परिणामी शेपटीत एक ग्रॅम जास्त गेला, तर तो तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे भरण्याची पाळी येते. शेपटी मजबूत करण्याचा मोह आवरणे, हे निम्मे कसब म्हणायला हरकत नाही.

शेवटी इस्त्रीने प्लॅस्टिकची रंगीत फिल्म चढवायची. उष्णतेने ती आकसून ताणली जाते आणि पंखाचा पीळ रोखते. तिच्याच मदतीने टोकाकडची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर उचलून ठेवता येते, म्हणजे वेग कमी झाल्यावर पंखाचे टोक आधी उचल गमावून दगा देत नाही. मात्र पारदर्शक फिल्म नसेल, तर आतली सगळी मेहनत कायमची झाकली जाते. तयार फोमचे विमान त्याच संध्याकाळी उडते, हे मित्र आवर्जून ऐकवतात, आणि ते खरेही आहे.

विमान पडते, तेव्हा बाल्सा बहुधा रेष्यांच्या बाजूने फुटतो, तुकडे एकमेकांत नीट बसतात आणि रात्रीतून पंख पुन्हा उभा राहतो. पण प्रत्येक डागडुजीबरोबर थोडा डिंक आणि थोडे लाकूड वाढते, विमान जड होत जाते आणि ते उतरवताना अधिक वेग ठेवावा लागतो. केव्हातरी नवा पंख बांधणेच सोयीचे ठरते. म्हणून अनुभवी लोक पहिली बरगडी फळीतून सुटी करण्याआधीच सगळ्यांच्या कडा जाड कागदावर गिरवून, त्यावर क्रमांक घालून, प्लॅनबरोबर गुंडाळून ठेवतात.