ब्लॉगलेखकाच्या हाताशी असावीत अशी छोटी अवजारे

ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, बसवणे आता इतके सोपे झाले आहे की गरज असो वा नसो, पत्त्याच्या पट्टीशेजारी चिन्हांची रांग लागते आणि त्यांतली निम्मी कशासाठी घेतली होती हे पुढे आठवतही नाही. ब्लॉगलेखनाच्या कामी खरोखर उपयोगी पडणारी अवजारे मात्र थोडीच आहेत, आणि ती निवडताना मी आधी एवढेच पाहतो की हे अवजार उद्या बंद पडले तर माझा मजकूर माझ्याकडे राहील, की त्याच्याबरोबरच जाईल.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. फायरफॉक्स या ब्राउझरसाठी पूर्वी स्क्राइबफायर नावाचे ॲड-ऑन, म्हणजे एक्स्टेन्शनच, होते. ब्राउझरच्या खिडकीच्या खालच्या भागात त्याची लिहिण्याची चौकट उघडे, त्यामुळे वर संदर्भाचे पान वाचत खाली लेख लिहिता येई आणि तिथूनच तो ब्लॉगवर प्रकाशित करता येई. विंडोज लाइव्ह रायटर हा तर स्वतंत्र प्रोग्रॅम होता. ब्लॉगची सजावट उतरवून घेऊन लेख प्रत्यक्षात कसा दिसेल हे तो लिहिता लिहिताच दाखवी, आणि ती सोय मला आजही हवीशी वाटते. २०१२ नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि ओपन लाइव्ह रायटर या नावाने तो इतरांच्या हाती गेला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन्स एका फटक्यात बाद केली. ती ब्राउझरच्या अंतर्भागात थेट हात घालत असल्यामुळे ब्राउझरमध्ये मोठा बदल करणे अवघड झाले होते, हे कारण योग्यच होते; पण ज्यांचे सारे लेखन अशा एखाद्या ॲड-ऑनभोवती बेतलेले होते त्यांना नव्याने घडी बसवावी लागली.

म्हणून मसुदा साध्या मजकुराच्या फाइलमध्येच असावा असे माझे मत आहे. शीर्षके, ठळक अक्षरे, दुवे यांच्यासाठी मार्कडाउन ही २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी प्रसिद्ध केलेली खुणांची पद्धत पुरेशी आहे. तिच्यात लिहिलेला लेख कोणत्याही मजकूर-संपादकात उघडतो आणि मांडणी न होताही वाचता येतो. ज्यांना थेट ब्लॉगच्या संपादकातच लिहायला आवडते त्यांची परिस्थितीही पूर्वीइतकी वाईट नाही. ब्लॉग चालवण्याची प्रणाली असलेले वर्डप्रेस दर ६० सेकंदांनी मसुदा सर्व्हरवर आपोआप जतन करते आणि त्याखेरीज ब्राउझरमध्येही एक प्रत ठेवत राहते. इतर ठिकाणच्या चौकटींसाठी टाइप केलेला मजकूर संगणकावरच साठवून परत मिळवून देणारी फॉर्म-रिकव्हरी प्रकारची एक्स्टेन्शन्स मिळतात. ती बसवल्यावर पासवर्ड आणि बँकेची पाने वगळण्याची सोय आहे का, हे तेवढे तपासून घ्यावे.

शब्दप्रक्रियेच्या प्रोग्रॅममधून मजकूर आणून चिकटवणाऱ्यांना एक त्रास हमखास होतो. अक्षरांबरोबर फाँट, आकार, ओळींमधले अंतर अशा अदृश्य सूचनांचे गाठोडे येते आणि एकच परिच्छेद बाकीच्या पानापेक्षा वेगळा दिसू लागतो. त्यासाठी एक्स्टेन्शन शोधण्याची गरज नाही. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की फक्त मजकूर उतरतो. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांडची कळ असते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या दोन अडचणींकडे साधनांच्या याद्या सहसा पाहतच नाहीत. पहिली अडचण लेखाच्या पत्त्याची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात रूपांतर होताना प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. काना, मात्रा, वेलांटी ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात, त्यामुळे साधारण बावीस चिन्हांतच ही मर्यादा संपते आणि मराठी शीर्षकाचा पत्ता अर्ध्यातच तुटतो. प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात दोन-तीन शब्दांचे छोटे रोमन नाव स्वतः लिहिणे हा यावरचा सोपा उपाय आहे. पत्ता कुणाला पाठवला तरी तो टक्केचिन्हांनी भरलेला दिसत नाही.

दुसरी अडचण अधिक लपलेली आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कळफलक त्यासाठी नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ वापरतात, तर काही साधा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह, वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या मजकूर-संपादकातला शोध एकाला गाठतो आणि दुसऱ्याला चुकवतो. मोबाइलवर एक कळफलक आणि संगणकावर दुसरा असेल, तर एकाच लेखात दोन्ही रूपे शिरतात. लेख पुरा झाल्यावर शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करून घेतले की पुढे जुन्या लेखांत शोधताना डोके फिरत नाही.

दुव्यांचे दुखणे मात्र सगळ्या भाषांत सारखेच आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. ज्या पानाचा हवाला दिला तेच नाहीसे झाले तर लेखातला मुद्दा लंगडा पडतो. वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनचे एक्स्टेन्शन यासाठी मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण समोरचे पान एका टिचकीसरशी संग्रहात जमा होते आणि मृत दुव्यावर गेल्यास जुनी प्रत शोधून मिळते. आपल्यापुरती प्रत हवी असल्यास सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन चित्रांसह संपूर्ण पान एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून देते. स्वतःच्या जुन्या लेखांतले तुटलेले दुवे रंगाने दाखवणारी एक्स्टेन्शन्सही आहेत. ती कायम चालू ठेवण्यात अर्थ नाही, अधूनमधून चालवली की पुरे.

चित्रांचा आकार कमी करण्यासाठी स्क्वूश हे वेबवरचे अवजार पुरते. मोबाइलने काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो सुमारे चार हजार पिक्सेल रुंद असतो आणि ब्लॉगचा स्तंभ बहुधा आठशेच्या आसपास, तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी चढवणे हा वाचकाच्या डेटाचा अपव्यय आहे. स्क्वूश हे काम ब्राउझरमध्येच करते, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही.

आता परवानग्यांविषयी. एक्स्टेन्शन बसवताना दिसणारी ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ ही ओळ आपण न वाचताच पुढे जातो, पण तिचा अर्थ शब्दशः घ्यायचा असतो: अप्रकाशित मसुदा, ब्लॉगचे नियंत्रण-पान, ईमेल, सगळेच त्यात आले. न वापरलेले टॅब निजवून ठेवणारे द ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ निर्मात्याने दुसऱ्याला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने नाव तेच होते, चिन्हही तेच. मालक मात्र बदलला होता. तेव्हा चांगले एक्स्टेन्शन एकदा निवडले म्हणून काम संपत नाही. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ते फक्त टिचकी मारल्यावरच पान वाचेल असे ठरवता येते, आणि लेखनाशी संबंधित बहुतेक अवजारांना एवढी मुभा पुरते.

त्याहून कमी मागणारा एक जुना प्रकार म्हणजे बुकमार्कलेट. बुकमार्कमध्ये पत्त्याऐवजी जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅम-भाषेच्या दोन-चार ओळी ठेवलेल्या असतात. त्यावर टिचकी मारल्यावरच त्या समोरच्या पानावर चालतात आणि एरवी निपचित असतात. निवडलेल्या मजकुराचे शब्द मोजणे किंवा शीर्षक आणि पत्ता जोडून तयार दुवा देणे, अशी किरकोळ कामे त्यांच्याकडून करून घ्यावीत. काही संकेतस्थळांचे सुरक्षा-नियम बुकमार्कलेट चालू देत नाहीत. तिथे पत्ता हाताने उचलून चिकटवावा लागतो.