तुम्ही विचारलंत म्हणून: ट्युरिनमध्ये कॅनडाचं काय बिनसलं?

टोरांटोत राहतो आणि आइस हॉकी जीव लावून बघतो म्हटलं की इथली मराठी मंडळी हमखास विचारतात: 2002 चं ऑलिंपिक सुवर्ण आणि 2004 चा वर्ल्ड कप जिंकलेला कॅनडा 2006 च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये थेट सातवा कसा आला?

बरेच जण मैदानाला दोष देतात. तिथलं बर्फाचं मैदान 30 मीटर रुंद होतं, आपल्या एनएचएलचं (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगचं) साधारण 26. रुंद मैदानावर प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात कोंडणं अवघड जातं, हे खरंच. पण 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीतही मैदान मोठंच होतं आणि 2014 मध्ये सोचीतही. दोन्हीकडे सुवर्ण आपलंच. म्हणून मला ते कारण पटत नाही. माझ्या मते घोळ संघ निवडतानाच झाला होता.

निवड झाली ती जुन्या विजयांच्या भरवशावर. धसमुसळं खेळणारे, अनुभवी गडी घेतले आणि वेग मागे पडला. एरिक स्टाल त्या मोसमात गोलमागून गोल करत होता, तो राखीव यादीत. 18 वर्षांचा सिडनी क्रॉस्बी तर घरीच.

स्वित्झर्लंडचा सामना आठवला की अजून जीव तुटतो. त्यांचा गोलकीपर मार्टिन गर्बरने 49 फटके अडवले. दोन्ही गोल केले पॉल डिपिएट्रोने. हा ओंटारिओत जन्मलेला, 1993 मध्ये माँट्रिऑलकडून स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलेला! 0-2. पुढच्याच सामन्यात फिनलंडकडून पुन्हा 0-2. गर्बर अफाट खेळला, मान्य. पण गोलकीपरला पक (हॉकीची रबरी चकती) दिसत असेल तर लांबून कितीही फटके मारा, तो अडवणारच. त्याच्यासमोर गर्दी करायची, बचावफळी हलवून मोकळी जागा काढायची, ते आपल्याला जमलंच नाही.

उपांत्यपूर्व फेरीत रशिया. दोन पिरियड गोलशून्य. तिसरा सुरू होतो न होतो तोच आपला टॉड बर्तुझी शिक्षा म्हणून पेनल्टी बॉक्समध्ये, रशियाला पॉवर प्ले (म्हणजे बर्फावर एक गडी जास्त), आणि अलेक्झांडर ओवेच्किनचा गोल. ओवेच्किन तेव्हा 20 वर्षांचा, क्रॉस्बीसारखाच एनएचएलमधल्या पहिल्या मोसमात. रशियाने आपल्या पोरावर विश्वास टाकला, आपण टाकला नाही. शेवटी परत 0-2. सहापैकी तीन सामन्यांत एकही गोल नाही, आणि तोही या संघाचा!

क्रॉस्बी असता तर जिंकलोच असतो, असं मी म्हणणार नाही. पण 2010 मध्ये व्हँकुव्हरला अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत सुवर्णाचा गोल त्यानेच केला. आणि त्या संघाची, तसंच सोचीच्या संघाची निवड माजी खेळाडू स्टीव्ह आयझरमनच्या हाती होती. सोचीत त्याच मोठ्या मैदानावर कॅनडाने सहा सामन्यांत मिळून फक्त तीन गोल खाल्ले.